पाटीच्या दगडाची ऊब

प्राणेशरावांनी आयुष्यात वाइनचा थेंबही तोंडाला लावला नाही, आणि मला वाइनमधलं जे काही कळतं त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांनी शिकवलं. असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "वाइनच ना?" वाइनच. तीही जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली, थंड मुलखातली पांढरी वाइन. आणि शिकवणीची जागा म्हणाल तर चेन्नईतल्या वेस्ट मांबलममधली एक गच्ची. तिच्या अर्ध्या भागात त्यांच्या पत्नीचे, म्हणजे मामींचे, तांदळाच्या पापड्यांसारखे वडाम वाळत असायचे, उरलेल्या अर्ध्या भागात आम्ही दोघं.

मी मूळची सिन्नरची. एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले. पहिला महिना टी. नगरमधल्या लेडीज हॉस्टेलात काढला आणि रोज संध्याकाळी खोली शोधत फिरले. शेवटी एका एजंटने सांगितलं, मांबलम स्टेशनजवळ तुमच्याच भाषेचे एक राव आहेत, वरची खोली रिकामी आहे. मी मनातल्या मनात तमिळ वाक्यं जुळवत जिना चढले. दार उघडलं ते एका बुटक्या, पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, नेसलेल्या गृहस्थांनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मराठी बोलणार की? या, या. असं बाहेर उभं राहून काय म्हणून?"

घरात शिरले खरी, पण पहिली पाच मिनिटं मला ते काय बोलतायत ते धड कळेना. शब्द मराठी, चाल तमिळ. 'आहे'चं 'अहे', 'सगळे'चं 'अस्के'. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्यांमागे तंजावरला आले आणि भाषा बरोबर घेऊन आले. नंतर आमच्याकडची भाषा बदलत गेली, त्यांची तशीच राहिली. मला त्यांचं बोलणं जुन्या कागदपत्रांतल्यासारखं वाटायचं. त्यांना माझं पाठ्यपुस्तकातल्यासारखं वाटायचं. "तू बोलतेस की धडा वाचतेस, कळत नाही," असं ते म्हणायचे.

मामींनी अटी सांगितल्या. मांसमच्छी नको, अंडं नको, पाहुणे रात्री राहायला नकोत. हॉटेलात काय काम करतेस, असं विचारलं. मी म्हणाले, "ट्रेनिंगला." हे खरं होतं. कशाचं ट्रेनिंग ते मी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. मी वेटर लोकांना वाइन शिकवायला नेमलेली होते. कुठली वाइन कुठल्या मुलखातली, कशाबरोबर द्यायची, किती गार करायची. हे त्या स्वयंपाकघराच्या दारात, मामींच्या कपाळावरच्या त्या ठसठशीत कुंकवाकडे बघत सांगायचं धैर्य मला झालं नाही.

प्राणेशराव सरकारी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. माती हा त्यांचा विषय. मधली काही वर्षं त्यांनी कॉलेजात शिकवलंही होतं, आणि तिथली मुलं त्यांना 'मण् सार' म्हणायची. मण् म्हणजे तमिळमध्ये माती, आणि सार म्हणजे सर. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक भिंग, एक चमचा आणि औषधाची रिकामी बाटली असायची. भाजी आणायला निघालेले प्राणेशराव रस्त्यात कुठे खड्डा खणलेला दिसला की तिथेच थांबायचे. चमचाभर माती उचलायची, तळहातावर पाण्याचे दोन थेंब टाकून मळायची, बोटांत वळून तिची तार करायची, ती किती लांब गेल्यावर तुटते ते बघायचं. मग त्यातला कण पुढच्या दातांत धरून हलकेच चावायचा. कचकचलं तर वाळू, पिठासारखं लागलं तर गाळ, चिकटलं तर चिकणमाती. मामी वैतागून म्हणायच्या, "सांबारात मीठ नाही ते ह्यांना तीन घास झाले तरी कळत नाही. माती तेवढी कळते."

त्यांना कुणी विचारलं, ही माती चांगली का, तर ते लगेच उलट विचारायचे, "कशाला?" भाताला की भुईमुगाला, विटा पाडायला की घर बांधायला? माती चांगली-वाईट नसते, असं ते म्हणायचे, ती कशाला तरी चांगली असते. हा 'कशाला' त्यांचा माणसांच्या बाबतीतही होता. खालच्या मजल्यावरचा कुणाचा जावई अगदी निरुपयोगी आहे, असं कुणी म्हणालं, तरी ते शांतपणे विचारायचे, "कशाला निरुपयोगी?"

दुसरी सवय, त्यांना उपमा चालत नसत. माती आईसारखी वगैरे कुणी म्हणालं की ते चेहरा आंबट करायचे. "माती मातीसारखी. हात लाव, बघ, मग बोल."

माझं गुपित फुटलं ते एका पुस्तकामुळे. हॉटेलने मला वाइनच्या एका परीक्षेला बसवलं होतं. ती पास झाले तर नोकरी कायम, नाहीतर सिन्नरला परत. पहिल्या खेपेला मी नापास झाले. थंड हवेच्या पांढऱ्या वाइनच्या प्रश्नात मार खाल्ला होता. मी उन्हातली मुलगी. आमच्याकडे द्राक्षाला ऊन किती हे कुणी मोजत नाही, ऊन असतंच. आठ अंश थंडीत द्राक्ष पिकतं कसं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. नुसतं पाठ केलं होतं आणि परीक्षेत विसरले. दुसऱ्या खेपेचा अभ्यास मी पहाटे गच्चीवर जाऊन करायची. एका सकाळी कामाला जायच्या घाईत पुस्तक तिथेच राहिलं.

संध्याकाळी परत आले तर प्राणेशराव गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर माझं पुस्तक, उघडं. मुखपृष्ठावर हा एवढा मोठा पेला. खोली शोधायला पुन्हा वणवण, हे मी मनात धरूनच टाकलं.

ते म्हणाले, "हा नकाशा चूक अहे."

मी म्हणाले, "काय?"

"नदी इथे असं वळते म्हणून दाखवलं अहे. तशी वळत नाही. इथे ती जवळजवळ परत येते, मग जाते. आणि हे गाव उलट्या काठावर अहे." त्यांनी भिंगाची काच त्या जागेवर ठेवली. "अम्हि तिथे एक वर्ष होतो."

मग कळलं. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी, नोकरीला नुकतेच लागलेले असताना, खात्याने त्यांना उतारावरच्या मातीची धूप शिकायला जर्मनीला धाडलं होतं. नेमके मोझेलच्या काठी. आयुष्यभर शाकाहारी, निघताना आईला दारू शिवणार नाही असा शब्द दिलेला, असा तो माणूस वर्षभर द्राक्षाच्या मळ्यांत राहिला होता.

"तुला परीक्षा अहे?" त्यांनी विचारलं.

"हो. एकदा नापास झालेय."

"कशात?"

मी पान उघडून दाखवलं. माती आणि हवा. ते पान त्यांनी सावकाश वाचलं आणि पुस्तक मिटलं. "शरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "उद्या साडेपाचला ये. वही आण. पुस्तक नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला सूर्य रेल्वेच्या तारांवर आला होता. त्यांनी मला वहीचं कोरं पान आडवं धरायला लावलं, जमिनीला समांतर. "ऊन कसं अहे?" फिकट होतं. "अत्ता सूर्याकडे तोंड करून तिरपं धर." पान लख्ख पांढरं झालं. तेच ऊन, तेच पान. "तिथे शरदात सूर्य दुपारीही खालीच असतो," ते म्हणाले. "सपाट जमिनीवर द्राक्ष लावलं तर पिकणार नाही. म्हणून ते डोंगर बघतात, दक्षिणेला तोंड असलेला. इतका उभा की काम करताना कमरेला दोर. इथे ऊन अस्क्यांना फुकट. तिथे त्याच्यासमोर तोंड करून उभं राहावं लागतं."

मी ते वहीत लिहायला घेतलं तर त्यांनी हात वर केला. "लिहू नको. परत धर."

एकच गोष्ट ते पाच-पाच वेळा करायला लावायचे. कंटाळा मला यायचा, त्यांना येत नसे.

मग दगडाचा धडा. मोझेलच्या डोंगरांवर माती फार थोडी. सगळा पाटीचा दगड, काळा-निळा, पापुद्र्यांचा, पायाखाली खुळखुळणारा. तो आणायचा कुठून? प्राणेशरावांनी मामींच्या ट्रंकेतून त्यांची मुलगी सुधा हिची लहानपणची पाटी काढली आणि हातोडीने तिचे तुकडे केले. मामी आवाज ऐकून वर आल्या.

"सुधाची पाटी फोडलीत?"

"ती पंचेचाळीस वर्षांची होईल अत्ता. तिला पाटी कशाला?"

मामी वडाम उलटवून खाली गेल्या, आणि त्या दिवशी रात्रीच्या जेवणात भाताबरोबर नुसतं ताकच होतं, असं प्राणेशरावांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यांनी कठड्यावर तीन गोष्टी मांडल्या. पाटीचे तुकडे, एक पांढरी फरशी, आणि तळ्यातल्या ओल्या चिकणमातीची कुंडी. दिवसभर तिन्ही उन्हात. दिवेलागणीनंतर तासाभराने मला हात लावायला सांगितलं. फरशी निवली होती. ओली माती गारच होती. पाटी अजून कोमट होती. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, आणि त्या कोमट दगडावर हात ठेवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या थंड खोऱ्यात, ऊन गेल्यावर, एखाद्या वेलीच्या बुंध्याशी ही एवढीशी ऊब काय करत असेल.

"अत्ता पाणी," ते म्हणाले. एका कुंडीत पाटीचे तुकडे, एका कुंडीत चिकणमाती. दोन्हींत तांब्याभर पाणी. चिकणमातीवर पाणी साचून राहिलं. पाटीतून ते सरळ खाली गेलं, कुंडीच्या भोकातून गच्चीवर आलं. "मूळ काय करणार?"

"पाण्यामागे खाली जाणार."

"किती खाली?"

"जितकं लागेल तितकं."

"पोदुम्," ते म्हणाले, म्हणजे पुरे. त्यांच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची.

सर्वांत जास्त दिवस गेले ते आंबटपणावर. थंड हवेतली वाइन जिभेवर अशी जिवंत, आंबटसर का लागते? प्राणेशरावांनी मलाच विचारलं, "तुमच्या सिन्नरकडे द्राक्ष कधी काढतात?" मी म्हणाले, फेब्रुवारी-मार्चात. "त्याआधी रात्री कशा असतात?" चांगल्याच गार असतात, स्वेटर लागतो. "बघ. तुझ्या घरीच उत्तर होतं. दिवस साखर करतो. गरम रात्र आंबट खाऊन टाकते. गार रात्र ठेवते. मोझेलला शरदात दिवस लहान, रात्र गार, नदीची वाफ खोऱ्यात भरून राहते. तिथे घाई नाही. फळ थोडं थोडं पिकत राहतं. गोड होतं आणि आंबटही राहतं. दोन्ही." मी आयुष्याची बावीस वर्षं द्राक्षांच्या मुलखात काढली होती आणि स्वेटरचा आणि द्राक्षाच्या आंबटपणाचा संबंध मला कुणी सांगितला नव्हता.

एका बाबतीत त्यांनी पुस्तकाशी भांडण धरलं. पुस्तकात लिहिलं होतं, पाटीच्या दगडाची चव वाइनमध्ये उतरते. प्राणेशराव म्हणाले, "दगड विरघळून पेल्यात येत नाही. दगड ऊब देतो, पाणी सोडतो, मुळाला खाली ढकलतो. त्याच्यामुळे फळ तसं होतं. दगडासारखी चव लागते म्हण, लागत असेल. दगडाची चव अहे म्हणू नको."

"पण मामा, परीक्षेत हेच उत्तर अपेक्षित असतं."

"मग तू ठरव."

त्या मळ्यांतली त्यांची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, सलग. ते हिल्डा नावाच्या एका विधवा बाईच्या घरी राहायचे. तिचा लहानसा मळा होता, तिचे दोन भाऊ मदतीला. पहिल्याच दिवशी तिला कळलं की हा माणूस मांस खात नाही. तिने काही न विचारता एक नवी कढई आणली, तिला लाल दोरा बांधला आणि भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगली. वर्षभर त्या कढईत दुसरं काही शिजलं नाही. हिवाळ्यात पावसाने वाहून आलेला पाटीचा दगड पाठीवरच्या टोपल्यांतून परत डोंगरावर न्यायचा, हे तिथलं काम. प्राणेशराव धूप शिकायला आलेले. तेही टोपली घेऊन चढले. "कागदावर धूप म्हणजे एक आकडा," ते म्हणाले. "पाठीवर घेतली तेव्हा कळली."

हंगाम संपला तेव्हा सगळे हिल्डाच्या अंगणात जमले. तिने त्यांच्यासाठीही पेला भरला. ते नाही म्हणाले. सगळे थांबले. एका भावाने दोनदा आग्रह केला. हिल्डाने तो पेला उचलून बाजूला ठेवला. "मला फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "वर्षभर त्यांचं काम केलं, आणि त्या कामाचं जे झालं ते मी घेत नाही म्हणून सांगतो अहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक मातीचा कप घेऊन आली. शेवटच्या घाण्याचा ताजा रस, नुकता पिळलेला, अजून न आंबलेला. "हे?" तिने विचारलं. प्राणेशरावांनी तो कप संपवला.

"कसा होता?" मी विचारलं.

त्यांनी खिशातलं भिंग काढून सदऱ्याला पुसलं. उपमा न देणारा माणूस. मग म्हणाले, "मी तो विसरलो नाही."

परीक्षेला महिना उरला असताना हॉटेलने माझ्या नावावर पेल्यांचं एक खोकं घरच्या पत्त्यावर धाडलं. ते वेटरांच्या सरावासाठी होतं, पण पत्ता चुकून घरचा पडला. खोक्यावर बाहेरच मोठं चित्र, पेला आणि बाटली. मी कामावर, मामींनी खोकं घेतलं. संध्याकाळी मी आले तर ते दाराबाहेर जिन्यात ठेवलेलं, आणि मामी दारात उभ्या.

"हे तुझं?"

मी सगळं सांगितलं. घरात कधी बाटली आणली नाही, हे पण सांगितलं. मामी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू खोटं बोलली नाहीस. पण सांगितलंही नाहीस." त्यांचं बरोबर होतं. मी म्हणाले, महिनाअखेर खोली सोडते.

प्राणेशराव आतून आले. आवाज न चढवता बोलले, मामींशी, आणि माझ्यासमोरच. "त्या बाईने माझ्यासाठी कढई वेगळी टांगली. मी तिच्यासारखं जेवणार नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मला ठेवलं तिने. एक वर्ष." मग थोडं थांबून, "ही मुलगी अमच्या घरात अमच्यासारखी जेवते. आणखी काय पाहिजे?"

मामींनी पदर खोचला. मग खोक्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "ते उद्या हॉटेलात ने. आणि आज इथेच जेव. एकटी वर जाऊन बसू नको." त्या दिवशी पुळीसादम होता, चिंचेचा भात. मामींनी मला तिसऱ्यांदा वाढला तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मी तिखट लागल्याचं निमित्त केलं. मामी म्हणाल्या, "मिरची घातलीच नाही," आणि पाणी पुढे सरकवलं.

परीक्षेत तोच प्रश्न आला. थंड हवेच्या एखाद्या मुलखात माती आणि हवा पांढऱ्या वाइनला कशा घडवतात. मी वहीचं तिरपं पान लिहिलं, कोमट पाटी लिहिली, कुंडीतून खाली गेलेलं पाणी लिहिलं, गार रात्री लिहिल्या. दगडाची चव पेल्यात येते हे मात्र लिहिलं नाही. ती येते असं म्हणतात, पण कशी येते हे कुणाला नीट ठाऊक नाही, असं लिहिलं. सहा आठवड्यांनी निकाल आला. पास. मी धावत गच्चीवर गेले.

"काय चुकलं?" प्राणेशरावांनी विचारलं.

"पास झाले, मामा."

"ते कळलं. काय चुकलं?"

मी शेरा वाचून दाखवला. नदीवर अजून लिहायला हवं होतं. ते मान हलवत म्हणाले, "नदी अम्हि घाईत केली." आणि लगेच नदी शिकवायला बसले, परीक्षा होऊन गेल्यावर.

तीन वर्षांनी हॉटेलने मला मोझेलला पाठवलं, वाइन निवडायला. जाण्याआधी प्राणेशराव वेळापत्रक पाठ असल्यासारखं सांगत बसले, कुठल्या वळणावर उतर, कुठल्या डोंगरावर चढ. हिल्डा कधीच गेली होती. पत्रं थांबली होती. तिचा मळा कुणाकडे आहे हे मला शोधता आलं नाही. पण त्या वळणावरचा डोंगर सापडला. मी वर चढले आणि व्हिडिओ कॉल लावला. मांबलममध्ये दुपार होती. मामी मागून मान पुढे करून बघत होत्या.

प्राणेशरावांनी हॅलो वगैरे काही म्हटलं नाही. "दगडाला हात लाव." लावला. "कसा?" गरम, मी म्हणाले. "वेली कुठपर्यंत आल्या?" मी फोन फिरवला. उतारभर कामगार, टोपल्या, कात्र्या. तोडणी जोरात चालली होती.

"हे काय करतात?" त्यांनी विचारलं.

"तोडणी, मामा."

"सप्टेंबरात?"

मी होय म्हणाले. तिथल्या मळेवाल्याने मला सांगितलं होतं, आता अशीच लवकर होते, रात्री पूर्वीसारख्या गार राहत नाहीत. मी ते त्यांना सांगितलं. पडद्यावर त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांच्या वेळी ऑक्टोबर संपत आला की तोडणी सुरू व्हायची, कधी नोव्हेंबरात, बोटं गारठलेली असताना.

"मग आंबटपणा?" ते म्हणाले.

"राखायला धडपडतात. वरच्या, गार बाजूच्या उतारांवर लावायला लागलेत. पूर्वी जिथे पिकायचं नाही, तिथे."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "लिहून घे. कुठल्या उतारावर, किती उंचीवर. अस्कं लिहून घे. मी आलो असतो तर मीच घेतलं असतं." मी दोन दिवस जास्त राहून ते सगळं लिहिलं. हॉटेलला त्याचा काही उपयोग नव्हता. ती वही मी परत येऊन त्यांना दिली आणि त्यांनी भिंग लावून ती महिनाभर वाचली, कडेला पेन्सिलने प्रश्न लिहीत.

त्यानंतर त्यांचा गुडघा गेला. जिना चढवेना. सुधाने दोघांना तांबरमला आपल्या घरी नेलं, तळमजल्यावर. मांबलमचं घर विकलं. मीही दुसऱ्या हॉटेलात गेले, मग पुण्याला नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी लोकलने तांबरमला गेले. मामींनी दोन डबे भरून दिले, एकात लोणचं, एकात वडाम. प्राणेशराव घरात नव्हते. "कोपऱ्यावर बघ," मामी म्हणाल्या, "केबलसाठी खणतायत. सकाळपासून तिथेच आहेत. जेवायला आलेच नाहीत."

कोपऱ्यावर लांब, खोल चर खणलेला होता. काठावर प्राणेशराव खुर्ची टाकून बसलेले, काठी बाजूला. खाली खणणाऱ्या तीन बायका फावडी टेकवून उभ्या होत्या आणि त्यांचं ऐकत होत्या. ते तमिळमध्ये सांगत होते, बोट चराच्या भिंतीकडे. वरचा हा लाल मुरूम, बाहेरून आणून टाकलेला, रस्त्यासाठी. त्याखाली राख आणि विटांचे तुकडे. आणि त्याखाली ही करडी, गुळगुळीत माती दिसते ना, तिच्यात बारीक शंख आहेत बघा. इथे तळं होतं. तुम्ही उभ्या आहात तिथे माणसाच्या डोक्यावरून पाणी होतं.

एका बाईने वाकून शंख काढला आणि पदराने पुसून दुसरीला दाखवला. मी "मामा" म्हणून हाक मारली. त्यांनी माझ्याकडे न बघता एक हात वर केला, थांब, असा. मी थांबले. ती बाई विचारत होती, मग ते पाणी गेलं कुठे? प्राणेशराव खुर्चीतून पुढे वाकले आणि तिला सांगायला लागले, आणि तिन्ही बायका चरात अजून जवळ सरकल्या. माझी परतीची गाडी होती. डबे हातात धरून मी तिथे जितकं उभं राहता येईल तितकं उभी राहिले.